सलग एक वर्ष

पांडू रोकडे पडवीत उकिडवा बसून भात सडायच्या हलरची जाळी साफ करत होता, तेव्हा रस्ता सोडून एक माणूस घराकडे वळताना दिसला. काखोटीला कापडी पिशवी, पायात धुळीनं पांढरे झालेले बूट आणि पिशवीच्या तोंडातून बाहेर आलेले कागद. समोरच्या घरातल्या गजानं ते कागद पाहिले आणि ताटात भाकरी तशीच टाकून तो मागल्या दारानं पसार झाला. दीड-दोन वर्षांपूर्वी नसबंदीची धामधूम होती, तेव्हा कागदवाला माणूस दिसला की भिसेगावातले बापये असेच पळायचे. पुढं सरकार बदललं, ते क्यांप बंद पडले, पण गजाच्या पायांना अजून ते कोणी कळवलं नव्हतं.

पांडू पळाला नाही. सकाळपासून वीज नव्हती, भातगिरणी बंद होती, म्हणून जाळी त्यानं घरी आणली होती. तिच्या भोकांत कोंडा घट्ट बसला होता आणि खिळ्याच्या टोकानं तो एकेक भोक मोकळं करत होता. माणूस अंगणात येऊन उभा राहिला तरी त्याचा हात थांबला नाही.

“पांडू विठू रोकडे आपणच का?”

“मीच.”

“मी आबाजी. मुंबईहून आलोय, कॅन्सरच्या नोंदणी कचेरीतून. भीमाबाई पांडू रोकडे, या आपल्या मंडळी ना?”

“होती,” पांडू म्हणाला. मग दारात आलेल्याला म्हणायचं असतं तेवढं म्हणाला, “बसा.”

आत चुलीपाशी बसलेली येसूबाई, पांडूची आई, कॅन्सरचं नाव कानावर पडताच बाहेर आली. म्हातारीनं सत्तरी ओलांडली होती, पण कान अजून तिखट होते. तिनं तांब्याभर पाणी आणलं आणि मुंबईचा हा माणूस आपल्या घरचं पाणी पितो का, ते बघत ती दाराला टेकून उभी राहिली. आबाजींनी तांब्या वर करून अर्धा रिकामा केला, तोंड पुसलं आणि उरलेलं पाणी मानेवर ओतलं. जानेवारी असला तरी दुपारचं ऊन चांगलंच लागत होतं. म्हातारी जरा सैल झाली.

“कसलं काम काढलंत बाबा? ती तर गेली. पावसाळ्यातच गेली.”

“ठाऊक आहे, आजी. ऑगस्टात. त्यांचं कार्ड आहे माझ्याकडे.”

त्यांनी पिशवीतून एक जाड, पिवळट कार्ड काढलं आणि पाटावर ठेवलं. कार्डावरचं सगळं इंग्रजीत होतं. पांडू चौथी शिकलेला, त्याला अक्षरं कळली नाहीत, पण आकडे कळले. एका चौकटीत एकवीस, तीन, सत्त्याहत्तर असं लिहिलं होतं. तो त्या चौकटीकडे बघत राहिला. भीमाचं राशनकार्डावरचं नाव दिवाळीतच कापून आणलं होतं. फोटो काढायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. म्हणजे तिच्या नावाचा जगात उरलेला कागद तो हाच, आणि तोही पांडूला वाचता न येणारा.

त्याला वाईट वाटलं नाही. भीमा गेली तेव्हापासून तो वाईट वाटायची वाट बघत होता. पाच महिने झाले, ते काही येत नव्हतं. भूक लागत होती, झोप येत होती, हलरचा पट्टा घसरला की तो सवयीनं हात सांभाळून परत चढवत होता. लोक म्हणत, पांडूनं धीरानं घेतलं. धीर कसला न् काय. आत काही हलतच नव्हतं.

“अडचण अशी आहे,” आबाजी म्हणाले, “की इस्पितळात पत्ता लिहिलाय शिवडीचा. त्यांच्या भावाचा.”

“सोमाचा,” पांडू म्हणाला.

“हां, सोमा. मी गेल्या आठवड्यात तिथं जाऊन आलो. ती चाळच पाडलीय. सोमा कुठं राहायला गेले, कोणाला पत्ता नाही. नाक्यावर एक पानवाला भेटला. तो म्हणाला, ती बाई होय, ती कर्जतची, भिसेगावची, सोमाकडं पाहुणी होती. आता पाहुणी म्हटलं की आम्हाला कार्ड रद्द करावं लागतं. पण एका पानवाल्याच्या शब्दावर कसं करायचं? म्हटलं, घरच्यांनाच विचारून येऊ.”

“रद्द कशापायी?”

“आम्ही फक्त मुंबईत राहणाऱ्यांची मोजणी करतो. लाख बायकांमागं वर्षाला किती जणींना हा रोग झाला, असं. बाहेरगावची माणसं उपचाराला मुंबईत येतात, ती त्यात धरायची नाहीत. नियमच आहे. रोग समजला त्या तारखेआधी सलग एक वर्ष तो माणूस मुंबईत राहिलेला पाहिजे.”

आबाजींची निम्मी नोकरी मेलेल्या माणसांचे पत्ते शोधण्यात गेली होती आणि उरलेली निम्मी हा नियम समजावण्यात. बहुतेक लोक न समजताच मान हलवत. पांडूनं मानही हलवली नाही, तेव्हा आबाजींचं लक्ष त्याच्या मांडीवरच्या जाळीकडे गेलं.

“गिरणीत असता?”

“हलरवर.”

“मग तुम्हाला सांगायला सोपं आहे. शंभर किलो भात घातलं तर तांदूळ किती पडला, तो उतारा. बरोबर?”

“हां.”

“आता भात मोजलं एकाचं, आणि तांदळात दुसऱ्याच्याच गोणीतला तांदूळ आला, तर?”

“उतारा खोटा पडंल.”

“तेच. भात म्हणजे मुंबईची माणसं, तांदूळ म्हणजे रोगी. कर्जतचा रोगी मुंबईत धरला की मुंबईचा आकडा उगाच फुगतो. आणि हा आकडा परदेशात जातो. तिथं एक जाडजूड पुस्तक निघतं, देशोदेशीचे आकडे शेजारी शेजारी. जपानात पोटाचा जास्त. विलायतेत फुप्फुसाचा. आपल्याकडं तोंडाचा, घशाचा, आणि बायकांत गर्भपिशवीच्या तोंडाचा, यांना झाला होता तो. असं ताडून बघितलं की कुठं कशानं काय होतं, त्याचा माग लागतो.”

येसूबाईनं कपाळाला हात लावला. “आमच्या भीमीचं जपानला सांगायचं?”

“नाव नाही जात, आजी. नाव कचेरीत कुलपात राहतं. नुसता आकडा जातो.”

“मंग बरं. आमची नात खालापुरात दिलीय. तिच्या सासरी असलं काय कळाया नको.”

आबाजींनी कार्ड जवळ ओढलं आणि पेन उघडलं. “वय पंचेचाळीस लिहिलंय. कोणी सांगितलं असेल?”

“सोमानं सांगितलं असंल. त्याला त्याचं सोताचं ठावं नाय,” पांडू म्हणाला. “वय कशाला लागतं?”

“जपानात म्हातारी माणसं जास्त, आपल्याकडं पोरंबाळं जास्त. नुसता आकडा आकड्याला लावला तर फसगत होते.”

पांडूनं जाळी उलटी केली. “जुन्या भाताचा उतारा येगळा आन् नव्याचा येगळा. तसंच का?”

आबाजी त्याच्याकडे बघत राहिले. कचेरीत नवीन लागलेल्या पोरांना हे समजावता समजावता त्यांचा जीव मेटाकुटीला येई. “अगदी तसंच,” ते म्हणाले.

वय येसूबाईनंच काढून दिलं. बुद्धाची दीक्षा घेतली त्या साली भीमा या घरात आली. तेव्हा ती सतराची, फार तर अठराची. छप्पन ते सत्त्याहत्तर, एकवीस वर्षं. आबाजींनी पंचेचाळीस खोडलं आणि अडतीस लिहिलं.

“अडतीस,” ते मोठ्यानं म्हणाले.

“शेवटाला तर माझ्यावानी दिसत होती म्हनं,” येसूबाई म्हणाली. तिनं शेवट पाहिला नव्हता. पांडूनंही पाहिला नव्हता. तो सोमाकडे सगळा मिळून दोनदा गेला होता, आणि दुसऱ्यांदा पोचला तेव्हा ती स्मशानात पोचली होती.

एवढ्यात गजा परत आला. कागद नसबंदीचे नाहीत अशी खात्री झाल्यावर तो सावरून, काही घडलंच नाही अशा थाटात अंगणातल्या दगडावर येऊन बसला. म्हातारीनं चहा टाकला. आबाजींनी नव्या रकान्यावर बोट ठेवलं.

“आता मुख्य गोष्ट. त्या शिवडीला राहायला कधी गेल्या?”

“राह्यला कशाला जाईल?” आतून येसूबाई म्हणाली. “राह्यची हितंच. बाई नवऱ्याच्या घरी ऱ्हाती. भावाकडं गेली ती उपचाराला. असंल दोन-तीन म्हैने.”

“वैनी हितल्याच,” गजा म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. “सोन्यासारखी बाई. मरस्तवर हितंच.”

असं उत्तर येणार, हे आबाजींना ठाऊक होतं. लग्न झालेली बाई कुठं राहते म्हणून विचारलं की गावोगाव हेच उत्तर मिळे. मग ती दहा वर्षं भावाच्या दारात भांडी घासत का असेना, राहते सासरीच. तिचं घर कुठलं ते लोक सांगत. ती रात्री कुठल्या भिंतीला पाठ लावून झोपते, हे कोणी सांगत नसे. खोटं बोलावं असा त्यात हेतू नसतो. घराची अब्रू राखायची असते, इतकंच.

भिसेगावात तर हे दोन वर्षं चाललं होतं. शहात्तरच्या जानेवारीत खालापूरची माणसं चंद्राला बघायला आली. चंद्रा ही पांडूची एकुलती लेक. भीमाच्या अंगावरून जाणं तेव्हा सुरू होऊन चार महिने झाले होते, आणि घरात वास येऊ लागला होता. चहाचे कप घेऊन ती बाहेर आली तेव्हा पाहुण्यांतल्या एका बाईनं नाकाला पदर लावला. सोयरीक जमली. त्याच आठवड्यात, चंद्राचं लग्न होईपर्यंत भीमानं भावाकडे राहावं, बरं वाटलं की यावं, असं ठरलं. कोणी ठरवलं ते विचारलं असतं तर एकालाही सांगता आलं नसतं. लग्न झालं. मग पाऊस आला, मग भातं आली, मग गिरणीचा हंगाम आला. भीमानं यावं असं कोणी म्हणालं नाही आणि येऊ नको असंही कोणी म्हणालं नाही. लोक म्हणत, भीमा भावाकडं गेलीय. पाठवलीय, असं वाडीतल्या एकाही माणसाच्या तोंडून कधी निघालं नाही. माणसं चांगली होती.

आबाजींनी चहाचा घोट घेतला. अशा उत्तरापुढं त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे.

“घरात एवढ्यात काही कार्य झालं का? लग्न, बारसं?”

“नातीचं लगीन झालं की,” येसूबाई म्हणाली. “शहात्तर साली, बुद्धपौर्णिमेला. हितंच, ह्या अंगणात. दीडशे पान उठलं.”

“त्यात भीमाबाई होत्या?”

“म्हंजे काय? लेकीच्या लग्नात आई नसंल?”

“होत्या, होत्या,” गजा म्हणाला. “मी बघितल्यात.”

आबाजींनी बोटांवर मोजलं. “म्हणजे शहात्तरच्या मे महिन्यात त्या इथं घरी होत्या. रोग समजला सत्त्याहत्तरच्या मार्चात, एकवीस तारखेला. दहा महिने. वर्ष भरत नाही.” त्यांनी कप खाली ठेवला, खिशातून लाल पेन्सिल काढली आणि तिचं टोक बघितलं. “झालं तर मग. तुम्हाला उगाच त्रास दिला.”

“थांबा,” पांडू म्हणाला.

पेन्सिल थांबली.

“हितनं रद्द झाली म्हंजे ती कर्जतच्या मोजणीत जाईल?”

“कर्जतची मोजणी नाही हो. थोड्याच शहरांत आहे ही मोजणी. खेड्यापाड्यांत कोण करणार?”

“मंग तिचा आकडा कुठं जाईल?”

“कुठंच नाही.”

“परदेशातल्या त्या पुस्तकात बी नाय?”

“नाही.”

पांडूनं खिळा खाली ठेवला. जाळी भिंतीला टेकवली, ती घसरली, पुन्हा नीट टेकवली. हाताचा कोंडा झाडला. आत एकदम काही भरून आलं असं नाही. पण त्या लाल पेन्सिलीचं टोक कार्डापासून वीतभर अंतरावर होतं, आणि ते खाली टेकायच्या आत बोलायला पाहिजे, एवढं त्याला कळलं. आज गप्प बसलो तर पुन्हा विचारायला कोणी येणार नाही, हेही कळलं.

“लग्नाला ती आली होती,” तो म्हणाला. “पाहुणी आली होती.”

“पांडू,” येसूबाई आतून म्हणाली.

“सकाळच्या गाडीनं सोमासंगं आली, दुपारच्या गाडीनं गेली. वस्तीला ऱ्हायली नाय. तिचं अंथरूण-पांघरूण, लुगडी, सगळं आधीच शिवडीला गेलं होतं.”

“आधी म्हणजे केव्हा?”

“बारा फेब्रुवारी. शहात्तर.”

आबाजींना अशा नेमक्या तारखेची सवय नव्हती. लोक सांगत, शिमग्याच्या पुढंमागं, नाहीतर म्हस व्याली तेव्हा. “नक्की? तारीख कशावरून?”

“गिरणीत नव्या मोटरचा कट्टा ओतला त्या दिशी. ओल्या सिमिटावर खिळ्यानं तारीख मीच ओढलीय. अजून हाय. चला, दावतो.” पांडूनं गिरणीच्या दिशेनं हात केला. “ती ठेसनात गेली तवा मी कट्ट्यापाशी होतो. मालक म्हनला होता, जायचं तर जा. मी नाय गेलो.”

गजा दगडावरून उठला. घरात काहीतरी राहिलंय असं पुटपुटत तो आपल्या घरात शिरला, या खेपेला पुढच्या दारानं.

आबाजींनी पेन्सिल खिशात घातली. बोटांवर पुन्हा मोजलं, पहिल्यापेक्षा सावकाश. “एक वर्ष, एक महिना, नऊ दिवस,” ते म्हणाले. आणि मग, कार्डावर तसा रकाना नसताना, विचारून बसले, “त्रास आधीपासून होता ना? मग एवढं वर्षभर डॉक्टरला?”

“नाय दावली. सोमाला वाटलं, आमी दावून धाडली असंल. आमाला वाटलं, मुंबईत हाय, सोमा दावंल.” पांडूच्या आवाजात चढउतार नव्हता. गिरणीतला माणूस गिऱ्हाइकाला वीज कधी येईल ते सांगतो, तसं तो सांगत होता. “ती कुनालाच काय म्हनली नसंल. तिला सवय नव्हती म्हनायची.”

आबाजींनी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग कार्ड पांडूच्या पुढं धरलं आणि सही कुठं करायची ते दाखवलं. पांडूनं सुटी सुटी अक्षरं काढून सही केली.

येसूबाई दारात येऊन बसली होती. तिचा चेहरा ओढला होता, लेकानं घरातली गोष्ट परक्यापुढं काढली म्हणून. “आता काय हुईल?” तिनं आबाजींना विचारलं.

“काही नाही, आजी. त्या मुंबईच्या मोजणीत राहिल्या.”

“आन् हितं राह्यली असती तर?”

“तर कुठंच नसत्या.”

म्हातारी विचार करत राहिली. गेली दोन वर्षं तीही एखाद्या शब्दाच्या शोधात असावी. तिच्या तोंडावरचा ताण हळूहळू उतरला.

“म्हंजे धाडली ते बरंच झालं की रं पांडू,” ती म्हणाली.

आबाजी बुटाची नाडी बांधू लागले, सुटलेली नव्हती तरी. पांडूनं आईकडे बघितलं. तिला रागानं काही म्हणावं असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच कळलं की ही हेच दोन वर्षं वेगळ्या शब्दांत म्हणत आलीय आणि आपण दोन वर्षं मान हलवत आलोय. आज ते पहिल्यांदा कानाला लागलं, आणि छातीत कुठंतरी दुखलं. गिरणीत बोट पट्ट्यात सापडलं की आधी नुसतं पांढरं पडतं, दुखायला नंतर लागतं, हे त्याला ठाऊक होतं.

“मी सायबांना ठेसनापर्यंत सोडून येतो,” तो म्हणाला.

दोघं रुळांच्या कडेनं चालू लागले. घाट चढायला मागून लावायचं इंजिन बाजूला गुरगुरत उभं होतं. आबाजी वयानं मोठे, शिवाय दिवसभर पायपीट केलेली, त्यामुळं पांडूला आपली चाल कमी करावी लागत होती. इंजिन मागं पडलं. मग आबाजींनाच राहवलं नाही.

“तुम्ही सांगितलंत ते चांगलं केलंत. लोक सांगत नाहीत.”

पांडू पायाखालची खडी बघत चालत राहिला.

“म्हातारीचं मनावर घेऊ नका.”

“म्हातारीचं नाय घेत,” पांडू म्हणाला. आणखी थोडं चालल्यावर म्हणाला, “सायेब, एक सांगायचं राह्यलं. लिवायचं नाय.”

“कार्ड पिशवीत गेलं. सांगा.”

पुलाच्या पायऱ्यांपाशी आल्यावर पांडू थांबला. कठड्यावर हात ठेवून तो खालच्या रुळांकडे बघत बोलू लागला.

“लग्नात पंगत बसली. ती टोकाला बसली होती, येगळी, जरा लांबच. तिनं सोताच जागा धरली तशी, कुनी सांगितलं नव्हतं. आता पोरीचा बाप म्हनल्यावर हात जोडून पंगतीतनं फिरावं लागतं. सावकाश होऊ द्या, सावकाश होऊ द्या, असं पानापानाला. मी फिरत होतो. फिरत फिरत तिच्या पानापाशी आलो.”

आबाजींनी पिशवी या काखेतून त्या काखेत घेतली.

“सगळ्यांना म्हनत आलेलो. तिला गाळलं तर लोकांच्या नजरंत येईल. मंग तिच्याम्होरं बी हात जोडले. म्हनलो, सावकाश होऊ द्या.”

“मग?”

“तिनं वर बघितलं. म्हनली, तुमी जेवलात का?”

वरच्या बाजूनं गाडी येत असल्याची घंटा झाली. आबाजी पायरीवर एक पाय ठेवून तसेच उभे होते. “काय म्हणालात तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“काय नाय,” पांडू म्हणाला. “पुढच्या पानाकडं गेलो.”